मागच्या खुर्चीतले मालक

कोपरखैरण्यात कुठल्याही वयाच्या माणसाला कुठल्याही विषयाचं सर्टिफिकेट मिळू शकतं. पण ती सगळी सर्टिफिकेटं एकाच घरात, एकाच भिंतीवर, देवांच्या आणि वाडवडिलांच्या फोटोंच्या रांगेत टांगलेली मी फक्त आमच्या क्लासच्या जागेच्या मालकांकडे पाहिली. एक्सेल, टॅली, डिजिटल मार्केटिंग, प्रोजेक्ट मॅनेजमेंट, सायबर सुरक्षा, संभाषणकौशल्य, डेटा अ‍ॅनालिसिस, जे जे आम्ही शिकवलं ते ते मालक शिकले आणि त्यातल्या एकाही विद्येचा उपयोग त्यांनी पोटासाठी केला नाही. गरजच नव्हती. बापजाद्यांची भातशेती शहराखाली गेल्यावर जी जागा हाती राहिली, तिच्यावर त्यांनी इमारत उभी केली होती. तिच्या पहिल्या मजल्यावर आमचा क्लास होता आणि मी तिथे शिकवत असे.

ते वर्गात पहिल्यांदा आले ते एसीतून पाणी गळतंय अशी मी तक्रार केली म्हणून. पांढरी पँट, पांढरा शर्ट, गळ्यात जाड साखळी, आणि अत्तर असं की आधी ते आत यायचं आणि मग मालक. एसीवर नजर ठेवायला ते मागच्या खुर्चीत बसले आणि हळूहळू त्यांची नजर एसीवरून पडद्यावर घसरली. मी टक्केवारीचं सूत्र शिकवत होते. मेकॅनिक आला, गळती थांबवून गेला, मालक काही उठले नाहीत. वर्ग सुटल्यावर म्हणाले, "मॅडम, उद्या याच्या फुडचं हाय ना? मग मी येतो. पाठचं घरी बघून घेईन." तेव्हापासून ती खुर्ची त्यांची झाली. एखाद्या नव्या विद्यार्थ्याने चुकून ती धरली तर बाकीचे त्याला अदबीने उठवत.

परीक्षेत त्यांना रस नव्हता, हजेरीच्या सर्टिफिकेटात होता. आणि शिकलेलं लगेच वापरून बघण्याची त्यांना विलक्षण घाई असे. वेळेच्या नियोजनाचा कोर्स केला तेव्हा कामांची तातडीची आणि महत्त्वाची अशी वाटणी कशी करायची ते मी शिकवलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या फ्रिजवर तक्ता लागला. "बोंबील तातडीचा पन हाय, महत्त्वाचा पन हाय," त्यांनी मला समजावून सांगितलं. "सुका जवला महत्त्वाचा, पन तातडीचा नाय. आनि भाडेकरूंच्या तक्रारी तातडीच्या, पन महत्त्वाच्या नाय." शेवटचं वाक्य बोलताना आपण भाडेकरूशीच बोलतोय हे त्यांच्या लक्षात आलं नसावं, किंवा आलं असावं.

वाटाघाटींच्या कोर्सनंतर ते मासळीबाजारात गेले आणि पापलेटवाल्या कोळणीला म्हणाले, "मावशी, तुमचा पन फायदा, माजा पन फायदा, असा भाव सांगा." मावशी म्हणाली, "माजा फायदा मी सांगितला. तुजा तू बग." हा किस्सा त्यांनी स्वतःच भर वर्गात सांगितला आणि कुठे चुकलं असेल यावर चर्चा मागितली. दुसऱ्याची चूक सांगताना आधी कौतुक करावं, मग चूक सांगावी, मग पुन्हा कौतुक करावं, असं मी एकदा शिकवलं. त्याच दुपारी जेवताना ते मालकीणबाईंना म्हणाले, "साडी बेस हाय. कालवन खारट जालंय. बांगड्या पन बेस हायत." मालकीणबाईंनी उठून त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

सायबर सुरक्षेने तर घरात भांडणच लागलं. त्यांची थोरली बहीण घणसोलीला असते. आई लवकर गेल्यामुळे तिनेच त्यांना वाढवलेलं. तिने नव्या नंबरावरून फोन केला तर मालक म्हणाले, "आधी जन्मतारीख सांगा." बहिणीला स्वतःची जन्मतारीख कधीच माहीत नव्हती. "मेल्या, तुला कडेवर घेऊन हिंडले मी!" ती ओरडली. मालकांनी शांतपणे सांगितलं की ही माहिती कोणालाही मिळू शकते, आणि फोन ठेवला.

एक अडचण मात्र कायम राहिली. त्यांचा हात कीबोर्डवर चालत नसे. भातशेतीच्या दिवसांत फावडं धरून जाड झालेलं बोट एका वेळी तीन कळा दाबायचं. म्हणून एके दिवशी त्यांनी सूनबाईंना सोबत आणलं. मुलगी करंजाड्याकडची, बी.कॉम. झालेली, लग्नानंतर स्वयंपाकघरात स्थिरावलेली. "ही बोटं चालवील, डोकं मी चालवीन," मालक म्हणाले. काही आठवडे तसंच चाललं. मग सूनबाई दबक्या आवाजात म्हणू लागली, "बाबा, तसं नाही, असं." पुढे पुढे तर ती मला विचारू लागली, आणि तिच्या काही प्रश्नांना उत्तर द्यायच्या आधी मला घरी जाऊन वाचावं लागे. मालक दोघींकडे आळीपाळीने बघत बसत. त्या दिवसांत त्यांनी स्वतः प्रश्न विचारणं जवळजवळ सोडून दिलं होतं.

महापेच्या एका कंपनीत डेटाच्या कामाची जागा निघाली. मी सूनबाईला अर्ज करायला सांगितलं, आणि ती मुलाखतीत निवडली गेली. घरात वादळ उठलं. मालकीणबाईंचं म्हणणं सरळ होतं: "आपन भाडं घेनारी मानसं. आपली सून दुसऱ्याचा पगार घेनार?" मुलगा रेती-विटांचा व्यवसाय करायचा. तो आईसमोर मान खाली घालून बसे आणि बायकोसमोरही. कंपनीने उत्तरासाठी रविवारपर्यंत मुदत दिली होती.

त्या रविवारी मालकांनी मला प्रोजेक्टर घेऊन घरी बोलावलं. "मॅडम, मी प्रेझेंटेशन देनार हाय." हॉलच्या भिंतीवरची सर्टिफिकेटं उतरवून जागा केली होती. समोर सोफ्यावर मालकीणबाई, मुलगा आणि खास बोलावून आणलेली थोरली बहीण. सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात. मालक इस्त्रीच्या शर्टात उभे राहिले आणि त्यांनी मला खूण केली. भिंतीवर चार रंगीत चौकोन उमटले: बलस्थानं, उणिवा, संधी, धोके. उणिवांच्या चौकोनात त्यांनी लिहिलं होतं, 'सासऱ्याला चहा करता येत नाही.' मला हसू आवरेना, पण सोफ्यावर कोणी हललं नाही.

दुसऱ्या चित्रावर थोरल्या बहिणीने हात वर केला. "ते निले-पिवले डबे बंद कर रे. मना वाचता येत नाय. काय त तोंडान सांग."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी प्रोजेक्टर बंद केला. भिंत पांढरी झाली, आणि इतके कोर्स केलेला हा माणूस भिंतीकडे पाठ करून बहिणीकडे वळला.

"बाय, तुला आठवतंय?" ते तिला म्हणाले. "जमिनी गेल्या तवा कारखान्यात शिकाऊ पोरं घेनार होते. माजं नाव लागलं होतं. मशीनवर शिकवनार होते."

"आठवतंय ना," बहीण म्हणाली. "नवी चप्पल घेतली होतीस."

"आनि बाबा काय बोलला?"

बहीण मग हळू आवाजात म्हणाली, "बोलला, जमिनीचा पैसा आलाय. आता दुसऱ्याची चाकरी कशाला?"

"मी ऱ्हायलो घरी," मालक म्हणाले. "काय कमी नाय पडलं. इमारत जाली, गाडी जाली. पन कुनी विचारलं, तुमाला काय येतं, तर आजपन मला सांगता येत नाय. हिला येतं. मी बाजूला बसून बघितलंय. मला एक टक्केवारी जमवाया जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात ही सगळा कागद पुरा करते." मग ते मालकीणबाईंकडे वळले. "तू आत्ता जे बोलतेस ना, तेच बाबा बोलला होता. शब्दान शब्द."

मुलाने पहिल्यांदा मान वर केली आणि म्हणाला, "आई, सकाळी मी सोडीन तिला." मालकीणबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, दारातल्या सुनेकडे पाहिलं. "आनि सांजच्या भाकऱ्या कोन थापनार?" त्यांनी विचारलं. आवाजातला ताठा गेला होता.

"मॅडम," मालक वळून मला म्हणाले, "त्याचा कोर्स हाय का?"

सूनबाई नोकरीला लागली. भाकऱ्या मालकीणबाईच थापत राहिल्या. मालकांनी दोनदा प्रयत्न केला आणि त्यांना स्वयंपाकघरातून बाहेर काढण्यात आलं. पुढे आमच्या संस्थेने वर्ग बंद करून सगळं ऑनलाइन नेलं. मी आता कामोठ्यातल्या माझ्या बेडरूममधून शिकवते. मालकांनी एकदा ऑनलाइन वर्ग करून पाहिला आणि सोडून दिला. "त्यात शेजारी कोन बसत नाय," म्हणाले.

मागच्या महिन्यात मी एका कामासाठी महापेला गेले होते. एका कंपनीच्या फाटकासमोर चहाच्या टपरीवर पांढरा शर्ट दिसला. मालक बाकड्यावर बसले होते, फाटकाकडे तोंड करून. मला बघून त्यांना आनंद झाला, थोडी लाजही वाटली असावी. सूनबाई आता कंपनीतल्या नव्या लोकांना शिकवते, आणि आज तिचा पहिला वर्ग होता. "मी वॉचमनला इचारलं, मागं बसू का म्हनून," ते म्हणाले. "बाहेरच्या मानसाला नाय सोडत." तेवढ्यात गळ्यात कोरी कार्डं घातलेली काही मुलंमुली बाहेर आली. मालक एकेकाचा चेहरा वाचू लागले. "बघा, ती दोगं अजून त्याच्यावरच बोलतायत. म्हंजे समजलंय. त्यो एक जांभई देतोय, पन असा एक सगळीकडे असतो." त्यांनी मान हलवली. "बरा जालाय वर्ग."

थोड्या वेळाने सूनबाई बाहेर आली, गळ्यात कंपनीचं कार्ड, हातात लॅपटॉपची बॅग. टपरीकडे लक्ष जाताच थांबली आणि रस्ता ओलांडून आली.

"बाबा? तुम्ही कधी आलात?"

"आत्ताच," मालक म्हणाले. "इकडून चाललो होतो."

त्यांच्या पुढ्यात चहाचे रिकामे कप एकात एक घालून ठेवलेले होते. ती माझ्याशी बोलायला वळली तेव्हा मी ते हळूच बाकड्याखाली सरकवले.