पिवळा पळस

माझी बायको सुमती गेल्यावर आज प्रथमच तिच्या वर्गाचं ऑनलाइन पान उघडलं. गावातल्या झाडांबद्दल तिचे विद्यार्थी त्यावर एकत्र लिहितात. पाहतो तर कुणीतरी तिचंच वाक्य खोडत होतं: ‘पळस केशरीच फुलतो.’ जीव कळवळला. ते परत आणायला हात पुढे झाला, तेवढ्यात समासातल्या शेऱ्यांत भांडण जुंपलं.

“बाईंचं वाक्य खोडतोस?”

“मग? आमच्या घरामागचा पळस पिवळा आहे. फोटो टाकलाय, डोळे उघड.”

“बाई काय म्हणाल्या असत्या?”

“म्हणाल्या असत्या, आत्ता दाखव.”

अगदी तसंच म्हणाली असती. मी हात मागे घेतला. नवी ओळ तिघाचौघांच्या हातून भराभर उमटत होती, आणि कितीतरी दिवसांनी मला घाई झाली. खाली लिहिलं, “उद्या तो पळस बघायला मी येऊ?”

“या काका. वाटेत काटे आहेत, बूट घाला.”