मैनपाटची पिवळी मूठ

कांताबाईंचा हात मोठा आगाऊ. तांदूळ धुवायला घेतले की त्यातली एक मूठ तो परत डब्यात टाकायचाच, मग घरात पोतं भरलेलं असो नाहीतर डबा तळाला गेलेला असो. ही सवय आईची. आर्वीकडच्या त्यांच्या गावात घराघरातून अशी मूठ साठायची आणि विहारातल्या जेवणाला जायची. रायपुरात सून चिडवायची, "मम्मी, आता काहून? राशन तो भरपूर है." कांताबाई म्हणायच्या, "मी कुठं टाकून राहिली? हातच टाकते."

नवरा गेल्यावर त्याच्या जागी त्यांना माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. पिशव्यांतली ढेकळं सावलीत वाळवायची, लाकडी मोगरीनं फोडायची, चाळायची. या नोकरीवर पोरं शिकली, रायपुरातच भनपुरीत पक्कं घर उभं राहिलं. म्हणून मातीच्या पिशवीला चुकून पाय लागला तरी त्या वाकून हात लावत. मातीनं आपल्याला खायला घातलं, ही गोष्ट त्या कधी विसरल्या नाहीत.

यंदा भर पावसाळ्यात अनुश्री मैनपाटच्या पठारावरून माती घेऊन प्रयोगशाळेत आली. ही संशोधन करणारी पोरगी रायपूरच्याच पुरानी बस्तीतल्या मराठी घरातली. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र हिंदीत. ती म्हणायची, "काकी, ये पूरा पठार कभी लावा था." लाव्हाचा काळा खडक झिजून माती होते, त्यातलं लोखंड गंजतं. गार, ओलसर जागी तो गंज पिवळा राहतो, त्याला गोएथाइट म्हणतात. उष्ण, कोरड्या जागी लाल होतो, तो हेमटाइट. कोणता किती आहे हे मोजलं की जुन्या काळच्या हवापाण्याचा अंदाज येतो. अनुश्रीला एका कड्यात पिवळाधमक थर सापडला होता. पुढं रस्ता रुंद करताना तो कडाच कापला गेला, त्यामुळे त्या थराची जगातली सगळी माती आता एका कापडी पिशवीत होती.

सोमवारी दुसऱ्या संस्थेतल्या मोजणीच्या मशीनवर तिचा नंबर होता आणि पावसाची झड काही थांबेना. माती वाळायचं नाव घेईना. शुक्रवारी पोरगी रडकुंडीला येऊन जेवायला गेली, तेव्हा कांताबाईंना तिची कणव आली. त्यांनी पिशवी रिकामी केली, हॉटप्लेटवर कढई चढवली आणि माती रव्यासारखी भाजायला घेतली. अगदी मन लावून, करपू न देता. खमंग वास तेवढा सुटायचा राहिला. माती कोरडी झाली खरी, पण त्यांच्या डोळ्यांदेखत पिवळीची लाल झाली.

अनुश्री परतली आणि कढईपाशी थबकली. "काकी, ये लाल कैसे हो गई?"

"मले वाटलं, लवकर वाळन म्हणून..."

"भूनने से गोएथाइट का पानी निकल जाता है, काकी. हेमटाइट बन जाता है. अब ये वापस पीला नहीं होगा."

ती ओरडली नाही, काही लागट बोलली नाही. तिनं चार शब्द सुनावले असते तर कांताबाईंना बरं वाटलं असतं.

संध्याकाळी त्यांनी रडतच भात लावायला घेतला. तांदळाची एक मूठ डब्याकडे वळली, आणि त्या जागच्या जागी थिजल्या. हा हात फक्त तांदूळच मागं ठेवतो का? मातीची पिशवी रिकामी करताना दर वेळी मूठभर तरी परत आत पडायचं, हे त्यांना आता आठवलं. पण शनिवारी सकाळीच प्रयोगशाळेतला दयाराम सगळ्या पिशव्या धुवायला घेतो, हेही आठवलं.

सकाळी मिळेल ती ऑटो करून त्या पोचल्या. मागच्या अंगणात दयाराम टबाशी बसला होता, बाजूला पिशव्यांचा ढीग. "दयाराम भैया, रुको! मैनपाटची पिशवी भिजवली का?"

"का होगे दीदी?" असं छत्तीसगढीत विचारत त्यानं हातातली पिशवीच पुढं केली. अजून टबात बुडवली नव्हती. कांताबाईंनी आत हात घातला. तळाशी मूठभर ओलसर माती होती. पिवळीधमक.

अनुश्रीला फोन केला तशी ती धावत आली. माती बघून तिला रडू फुटलं. "बहुत है, काकी. मशीन को तो चम्मच भर ही लगती है."

"चमचाभर? मग आख्खी पिशवी काहून आणली वं, पोट्टी?"

कालपासून पहिल्यांदा ती हसली. बाकीच्या तपासण्या आता होणार नव्हत्या, पण मुख्य काम वाचलं होतं. मूठभर माती कागदावर पातळ पसरून पंख्याखाली ठेवली, ती रविवारपर्यंत वाळली. भाजलेली लाल मातीही अनुश्रीनं टाकू दिली नाही. एकाच मातीचे दोन रंग शेजारी शेजारी दाखवायला ती बाटलीत भरली. "काकी, आपने बचा लिया," असं ती सारखं म्हणत राहिली, आणि कांताबाई सारखं म्हणत राहिल्या, "मी तर बुडवलंच होतं. वाचवलं माझ्या मायनं."

दिवाळीनंतर निकाल चांगला आला. अनुश्री पेढे घेऊन भनपुरीला आली, जेवायलाच थांबली, आणि हट्टानं तांदूळ धुवायला बसली. कांताबाई भाजी चिरत होत्या. कोणी काही सांगितलं नव्हतं. पोरीनं तांदळातली एक मूठ उचलली आणि डब्यात परत टाकली.

कांताबाईंनी तोंड फिरवलं, पदर डोळ्यांना लावला. "माय," त्या हळूच म्हणाल्या, "पुरली वं तुही मूठ."