साहेबाची चूक, माझं लायसन

कारखान्याच्या वेलफेअर साहेबानं माझ्या छातीवरच्या खिशात हात घातला.

विचारलं नाही. सरळ घातला. भर दुपारी, चिंचवडच्या पोलीस चौकीत, चारचौघांदेखत. विडीचं बंडल बोटानं बाजूला सारलं, माझं लायसन बाहेर काढलं आणि हवालदाराच्या टेबलावर टाकलं. म्हणाला, "घ्या. हा चालवत होता."

आता गंमत बघा. हा माणूस माझ्या हातचं पाणी पीत नसे. एकदा जीपमध्ये मी तांब्या पुढे केला, तर त्यानं असा हात मागे घेतला की जणू तांब्यात विंचू बसलाय. त्याच हाताला आज माझा घामट खिसा चालला. विटाळालाही सवड असते बरं का. गोऱ्या साहेबावरची बला टाळायची असली की तो चौकीबाहेर जाऊन उभा राहतो.

ही गोष्ट पन्नाससालानंतरची. पिंपरीच्या माळावर तेव्हा कारखाने उठत होते. आमच्या कारखान्यात यंत्रं बसवायला एक गोरा इंजिनियर आला होता. त्याची जीप चालवायला मी. ड्रायव्हिंग शिकलो लढाईत, लष्कराच्या ट्रकवर. तिथे गोळी जात विचारत नव्हती म्हणून स्टिअरिंग हातात आलं. परत आलो तर गावात अजून त्याच वस्तीत, त्याच वाटेनं. पण खिशात लायसन होतं. आमच्या अख्ख्या वस्तीत फोटो चिकटवलेलं सरकारी पुस्तक माझ्या एकट्याकडे. म्हाताऱ्या आया ते हातात घेऊन बघायच्या आणि म्हणायच्या, "सायबावानी दिसतोस की रं."

तर हा गोरा. माणूस वाईट नव्हता. माझ्याशी हात मिळवायचा, सिगारेट द्यायचा. खोड एकच. मोकळा रस्ता दिसला की म्हणायचा, "यू सिट. आय ड्राइव्ह." आणि त्याच्या देशात गाड्या चालतात उजव्या बाजूनं. मुंबई-पुणे रस्त्यावर हा गडी उजवीकडून निघाला की समोरचे बैलगाडीवाले बैलांना सोडून देवाला हाका मारायचे. मी शेजारी बसून ओरडायचो, "लेफ्ट साब! लेफ्ट!" तो हसून डावीकडे घ्यायचा. पुढच्या वळणावर पुन्हा उजवीकडे.

पहिल्यांदा पकडलं ते रेल्वे फाटकापाशी. फाटकाचा बांबू मोडला होता. हवालदारानं गोऱ्याचं लायसन मागितलं. गोऱ्यानं घडीचा कागद काढला. हवालदारानं तो उलगडला, उलटा धरला, सुलटा धरला, उन्हात धरून आरपार बघितला. सगळा कागद शिक्क्यांनी भरलेला. मान हलवून माझ्याकडे वळला.

"ह्याच्यावर शेरा मारायचा कुठं, सांग? तुझं आण. तुझ्यात जागा हाय."

तुझ्यात जागा हाय. कारखान्यात खबर गेली तेव्हा वेलफेअर साहेबाला हे वाक्य फार आवडलं. माझ्या लायसनवर लाल शाईत शेरा पडला. गाडी बेफाम हाकली म्हणून. मी तोंडातून शब्द काढला नाही. कारखान्याची खोली होती, बायको गरोदर होती. दुसरा शेरा खडकीत पडला. तेव्हा तर आम्ही तयारीचे नट झालो होतो. पोलीस दिसला की गोरा इकडून उडी मारायचा, मी तिकडून. पापणी लवायच्या आत जागा बदललेली. गोऱ्याला वाटायचं, या देशात असा रिवाजच असेल. साहेबानं चालवायचं, नोकरानं पकडलं जायचं. त्याला चूक तरी कसं म्हणू?

लायसन नवं करून घ्यायला पुण्याला गेलो. तिथल्या कारकुनानं दोन्ही शेरे वाचले आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"तिसरा पडला की हे जप्त. मग काय करशील?"

मी हळूच विचारलं, "साहेब, परदेशी लायसनवाल्याला दंड होत नाही ना?"

तो मोठ्यानं हसला. "कुणी सांगितलं? शेरा मारता येत नसेल तर नसेल. खटला भरायचा, कोर्टात उभा करायचा. अरे, दंड माणसाला होतो, पुस्तकाला नाही."

परतीच्या वाटेवर मी तेच घोकत होतो. कायदा माझ्या बाजूला होता आणि मी चार महिने त्याच्यापासून लपत होतो.

मग तो दिवस. रहाटणीचा नथू गवळी सायकलला किटल्या लावून पिंपरीच्या कँपात दूध घालायला निघाला होता. आपल्या बाजूनं, सरळ. गोरा समोरून, त्याच बाजूनं. मी "लेफ्ट" म्हणेपर्यंत किटल्या रस्त्यावर आणि नथूचा पाय सायकलीखाली. मांडीचं हाड गेलं. दूध वाहत होतं आणि नथू पायाकडे न बघता दुधाकडे बघत होता.

चौकीत त्याला बाकावर निजवलं होतं. दवाखान्याची गाडी यायची होती. माझं लायसन टेबलावर पडलेलं. हवालदारानं दौतीत टाक बुडवला.

बाकावरून नथू म्हणाला, "आरं, हा न्हाई. हा बाजूला बसला व्हता. चाकावर गोरा व्हता."

वेलफेअर साहेब म्हणाला, "दुखण्यात भ्रम होतो माणसाला."

मग माझ्या कानाशी आला. "जास्तीत जास्त महिनाभर आत जाशील. तुम्हा लोकांना कुठे अब्रू जायची असते?"

हे वाक्य त्यानं प्रेमानं म्हटलं. खरंच. समजूत घातल्यासारखं. मी ते आजही त्याच आवाजात ऐकतो.

मी टेबलाशी गेलो आणि माझं लायसन उचललं. गोऱ्याकडे वळलो. लष्करात शिकलेलं मोडकं इंग्रजी छाती काढून मारलं.

"साहेब. हू ड्राइव्ह?"

गोरा गोंधळला. इतक्या दिवसांत त्याला हे कुणी विचारलंच नव्हतं. खांदे उडवून म्हणाला, "आय. आय ड्राइव्ह."

वेलफेअर साहेब दात काढून म्हणाला, "गंमत करतोय तो."

"लिहा," मी म्हणालो.

हवालदार म्हणाला, "भावा, इचार कर."

"केलाय. लिहा. चालवत होते ते. मी शेजारी होतो. आधीचे दोन शेरेही त्यांचेच आहेत, आणि तेव्हा मी खोटं बोललो, तेही लिहा."

गोऱ्यानं निमूट सही केली. संध्याकाळच्या आत माझी नोकरी गेली आणि खोली रिकामी करायचा हुकूम आला. बायकोचे दिवस भरत आले होते. ट्रंका डोक्यावर घेऊन आम्ही निगडीच्या वाटेला लागलो. आमच्या जातीला कुणी खोली देईना, तेव्हा एका वखारीच्या मागं पत्रा टाकला.

गोरा कोर्टाच्या पहिल्या तारखेच्या आधीच मायदेशी गेला. आरोपी गैरहजर. दुसऱ्या तारखेलाही गैरहजर. नथू काठी टेकत यायचा, दोन पायऱ्या चढला की थांबायचा. त्याचा पाय आखूड झाला होता. सायकल कायमची सुटली होती. कोर्टाच्या व्हरांड्यात वेलफेअर साहेबाचा शिपाई मला भेटला. निरोप असा: "चालवत तूच होतास एवढं लिहून दे. उद्यापासून कामावर ये."

मी म्हटलं, "साहेबाला सांग, माझ्यात जागा नाही."

तिसऱ्या तारखेला पुकारा झाला. आरोपी नाही, त्याचा वकीलही नाही. कोर्टाचा कारकून फायली आवरत होता. माझ्याकडे बघून वैतागला. "तू कशाला येतोस रे दरवेळी? गोरा काय आता परत येतोय? तू आरोपी नाहीस, फिर्यादी नाहीस. कोण आहेस तू?"

"साक्षीदार," मी म्हणालो. "पुढची तारीख सांगा."