रिजेक्टकाकांचा पेट्रोल पाइप

आमच्या शेजारच्या काकांनी उभ्या आयुष्यात एकच शब्द मनापासून उच्चारला. 'रिजेक्ट'. अंबडच्या एका कारखान्यात ते तपासनीस होते. दुसऱ्यांनी बनवलेले पाइप उजेडाकडे धरायचे, एक डोळा मिटायचा आणि शेजारच्या लाल पेटीत टाकायचे, हे त्यांचं काम. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने त्यांना शाल आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. घड्याळ ते आठवड्याभरात परत देऊन आले. मागे पडत होतं म्हणे.

त्यानंतर त्यांच्यापुढे लाल पेटी नव्हती, सगळं जगच होतं. पंचवटीच्या बाजारात ते मेथीची जुडी अशी फिरवून बघत की भाजीवाली एकदा वैतागून म्हणाली, "बाबा, भाजी हाय ती, दागिना नाय!" मुलीसाठी आलेली तीन स्थळं त्यांनी रिजेक्ट केली. चौथं तिने स्वतःच पास केलं आणि वडिलांना लग्नाला बोलावलं. काकू रोज सकाळी चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवत आणि निकालाची वाट न बघता आत निघून जात. संसार टिकला तो त्यामुळेच असावा.

आम्ही त्यांना रिजेक्टकाका म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं आणि खोटं कशाला बोलू, आवडतही होतं.

काकांकडे एक जुनी पेट्रोल जीप होती. ती मात्र त्यांनी कधी रिजेक्ट केली नव्हती. एका सकाळी पार्किंगमध्ये तिच्याखाली पेट्रोलचा डाग दिसला. मागच्या टाकीपासून पुढच्या इंजिनापर्यंत जाणारा लोखंडी पाइप गंजून पाझरत होता. मेकॅनिक आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "काका, रबरी पाइप टाकतो, दोन क्लिपा मारतो. दुपारी गाडी घेऊन जा."

"रबरी?" काकांनी असं विचारलं की जणू त्याने सुतळी लावू का म्हटलं होतं. "मी स्टेनलेस स्टीलचा बसवणार. घरी. स्वतः."

मेकॅनिक गेला. इथे एक गोष्ट आमच्या कुणाच्या लक्षात आली नव्हती, बहुधा काकांच्याही नाही. आयुष्यभर त्यांनी पाइप तपासले होते. बनवला एकही नव्हता.

तयारी मात्र थाटात झाली. टाकी रिकामी केली. जीपखाली झोपून काकांनी जाड तार वाकवत वाकवत पाइपच्या वाटेचा साचा काढला. मग त्या तारेबरहुकूम स्टीलचा पाइप वाकवायला घेतला. पहिला पाइप वळणावर चेपला. दुसरा नीट वाकला, पण उलट्या दिशेला. सोसायटीच्या सेक्रेटरींनी 'पार्किंगमध्ये कारखाना चालवू नये' अशी नोटीस लावली. काकांनी तिच्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनाने दुरुस्त करून ती सेक्रेटरींच्या दारावर चिकटवली.

तिसरा पाइप तंतोतंत झाला. आता त्याची दोन्ही टोकं कर्ण्यासारखी उमलवायची होती. याला फ्लेअर म्हणतात. त्या कर्ण्यामागे नट येतो आणि तो आवळला की जोड पक्का होतो. काकांनी पाइपचं टोक डायच्या, म्हणजे पोलादी साच्याच्या, भोकात पकडलं आणि घाम गाळून दोन्ही बाजूंना फ्लेअर केले. पाइप उजेडाकडे धरला, एक डोळा मिटला. मी शाळेत शिकवायला निघाले होते, थांबून बघत राहिले. काकू पायरीवर मेथी निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या,

"अहो, नट आधी ओवायचे नसतात का?"

नट स्टुलावर होते. आता ते पाइपात कुठूनही जाणार नव्हते. काकांनी पाइप एकदा उलटसुलट फिरवून बघितला. मग पाइप खाली ठेवून म्हणाले, "मेथी चांगली आहे आजची." काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडे काळजीने पाहिलं.

पुढच्या पाइपांत नट आधी ओवले, पण फ्लेअरला चिरा पडायला लागल्या. केसासारखी बारीक चीर, पण पेट्रोलला तेवढी पुरते. आठवडा गेला. शेवटी काकांनी मला विचारलं, "वैशाली, तुझी शाळा सिन्नरला ना? तिथे सोनवणेचं वर्कशॉप आहे म्हणतात. आमच्या कारखान्यात पाइप बनवायला होता. मी येऊ तुझ्याबरोबर?"

आम्ही एस.टी.ने गेलो. काकांनी चिरलेला पाइप वर्तमानपत्रात गुंडाळून मांडीवर धरला होता. सोनवणे साठीच्या आसपासचे, बारीक अंगाचे. काकांना बघून ते उठून उभे राहिले. "या, साहेब." पाइप घेतला, दाराशी गेले, उजेडाकडे धरला.

"चीर आहे, साहेब."

"अरे, ती डाय..." काका म्हणाले आणि एकदम थांबले.

सोनवणे शांतपणे म्हणाले, "डायचं माझ्याकडे येत नाही, साहेब. माझ्याकडे तुकडा येतो."

काकांचा चेहरा उतरला. मला काही कळलं नाही. सोनवण्यांनी लगेच विषय बदलला आणि स्टूल पुढे सरकवलं. "तुमची डाय तांब्याच्या पाइपची असणार. स्टीलला ती पुरत नाही. आणि स्टेनलेसला घाई चालत नाही, दामटलं की ते जास्त कडक होतं. आधी काठ घासून गुळगुळीत करा. तेलाचा थेंब टाका. पाव फेरा द्या, मागे घ्या, परत पाव फेरा." त्यांनी स्वतःची डाय काकांच्या हातात दिली. "तुम्हीच करा. मी बघतो."

दोन तासांनी काकांनी एक फ्लेअर केला. सोनवण्यांनी तो अंगठ्याने चाचपला, मान हलवली आणि चहा मागवला. तो चहा काका मुकाट्याने प्यायले.

संध्याकाळी परतताना बसमध्ये त्यांनी मला सांगितलं. "तो नोकरीत कायम व्हायचा होता त्या वर्षी. एक सगळी खेप मी रिजेक्ट केली. तो सांगत होता, साहेब, डाय घासून झिजलीय, माझा हात चुकत नाही. मी म्हटलं, डायचं माझ्याकडे येत नाही. मग त्याला काढलं."

"डाय खरंच घासली होती?"

"नंतर बघितली मी. घासली होती." खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, "कुणाला सांगितलं नाही."

पाइप बसला. सायकलच्या पंपाने हवा भरून काकांनी प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावलं. बुडबुडा आला नाही. सेक्रेटरीसुद्धा बघायला आले होते. पहिली फेरी काकांनी सिन्नरचीच काढली, मलाही शाळेपर्यंत बसवून नेलं. सोनवणे जीपखाली शिरून सगळे जोड बघून आले. तेव्हा काकांनी खिशातून एक पाकीट काढून त्यांना दिलं. आत त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेला कागद होता. सदर माल डाय घासल्यामुळे खराब झाला होता. कामगाराचा दोष नव्हता. कामगाराने हे त्याच वेळी माझ्या निदर्शनास आणले होते. खाली सही.

सोनवण्यांनी तो दोनदा वाचला. "हे आता कुठे दाखवायचं, साहेब? कारखाना तर बंद पडला."

"कुठेच नाही," काका म्हणाले. "मी तेव्हा लिहायला हवं होतं, एवढंच."

गेल्या उन्हाळ्यात काका गेले. ती बातमी सांगायला मी सोनवण्यांच्या वर्कशॉपात गेले, पण त्यांना आदल्या दिवशीच कळलं होतं. डोळे लाल होते. म्हणाले, "मॅडम, नोकरी मीच सोडली, असं मी घरी सांगितलं होतं. इतकी वर्षं. काल रात्री ते पत्र पोरीला दाखवलं. ती नर्स आहे, शहाणी आहे. वाचलं आणि भडकलीच. म्हणाली, बाबा, या माणसाने तुमची नोकरी घालवली आणि तुम्ही त्याला शिकवत बसलात?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, पोरी, तो एस.टी.ने आला होता. हातात स्वतःचाच बिघडलेला तुकडा घेऊन. अशा माणसाला काय दारातून परत पाठवायचं?"