आत्याचं रडणं

बबन्याच्या डोक्याला कावळा शिवला तेव्हा मी शेजारीच होतो. मेहकरला त्याच्या गच्चीवर चहा पीत बसलो होतो, काहीतरी काळं फडफडलं आणि त्याच्या टाळूला पाय टेकून उडून गेलं. बबन्या हसला. त्याची आई, आम्ही सगळे तिला मायच म्हणतो, कपडे वाळत घालत होती. तिच्या हातातली ओली चादर खाली पडली...

आमच्याकडे यावर एकच उतारा. ज्याला कावळा शिवला तो मेल्याची खोटी बातमी लांब राहणाऱ्या नातलगाला कळवायची. तिथे कुणी त्याच्या नावानं रडलं की मरण टळतं, मग खरं सांगून टाकायचं. मी शाळेत विज्ञान शिकवतो, असल्या गोष्टींना भीक घालत नाही. तरी हातातला चहा खाली ठेवला, हे कबूल करतो. माय मला म्हणाली, “धामनगावच्या आत्याले फोन लाव बे. ते रडली पायजे.”

आता या आत्यावरच तर बबन्याचं नाव झालेलं! मुंबईत आधी तो दुसऱ्यांच्या नावाने विनोद लिहून द्यायचा. एकदा मालिकेच्या बैठकीत कुणालाच काही सुचेना, तेव्हा त्याने धामणगाव बढ्याच्या आपल्या आत्याची नक्कल केली. पदर डोळ्याला, मान हलवत, “कसा गेला वं माय माहा राजा, मले काऊन नाही नेलं वं...” त्यातून रडूबाई आत्या हे पात्र निघालं. दूध उतू गेलं तरी रडायची, लाइट गेली तरी रडायची. बबन्याचं नाव पडद्यावर आलं. सगळे हसले, मीही पोट धरून हसलो. खरी आत्या कुणाकडे मयतीला गेली की मात्र बाया तोंड दाबून हसायला लागल्या. शेवटी तिने मयतीला जाणंच सोडलं. मी बबन्याला म्हटलं होतं, “तिले इचार तं खरी.” तर म्हणे, “अबे, आपलीच आत्या हाये. तिले काय राग येते!”

मी फोन लावला, आवाज जड केला. “आत्या, बबन्या गेला.”

आत्या म्हणाली, “कोन्त्या भागासाठी पायजे रे? सांग त्याले, म्या रडनं बंद केलं.”

बबन्या लोळून हसला, ते वाक्य वहीत टिपूनही घेतलं. माय तेवढी दिवसभर म्हणत राहिली, “कोनी रडलं नाही रे...” मी आणखी कुणाला तरी फोन करायला हवा होता. केला नाही. लाज वाटली.

अठरा दिवसांनी बबन्या खरंच गेला, मुंबईत. हृदय बंद पडलं. कावळ्याने माणूस मरत नाही, मी वर्गात अजूनही हेच सांगतो. पण मायच्या नजरेला नजर देता येत नाही.

त्याला मेहकरला आणलं. आत्या आली. ओठ घट्ट मिटून उभी राहिली, मग त्याचं तोंड पाहिलं आणि तिला राहवेना. “कसा गेला वं माय माहा राजा...” तोच सूर, तीच मान. आणि अंगणात कुणीतरी फिसकन हसलं.

आत्याने पदर तोंडात कोंबला. “रडू द्या ना वं तिले!” माय किंचाळली. पण आत्या पुन्हा रडली नाही.

अंगणात कोण हसलं, हे माय येईल त्याला विचारते. तिला वाचता येत नाही, पण पेपरच्या ज्या पुरवणीसाठी मी हे लिहितोय, ती कुणीतरी तिला वाचून दाखवेलच. माय, तो मी होतो.