कापूस गेला, घोरणं राहिलं

दिवाळीनंतर आमच्याकडे समोरच्या खोलीत माणसं राहत नाहीत, कापूस राहतो. राळेगाव तालुक्यात हे काही नवल नाही. भाव येईपर्यंत कापूस घरात, आणि घर शिंकतंय, खाजवतंय. त्यामुळे त्या दिवसांत कोणाला काहीही झालं की आम्ही कापसाकडे बोट दाखवतो. माझी चार वर्षांची नात घोरायला लागली तेव्हाही तेच केलं.

सून म्हणाली, "आई, हे झोपीत तोंड उघडंच ठेवते. थंडीतही घामानं उशी भिजते. अन मान अशी मागं टाकते, मले भेवच लागते."

"कापसाचा कचरा जाते नाकात," मी म्हणाले. "कापूस जाऊ दे, सारं थांबते."

मी अंगणवाडी सेविका. गावातल्या लेकराचं वजन पावशेरानं उतरलं तरी मला कळतं, असा माझा तोरा. आणि घरात? दिव्याखाली अंधार! पोरीनं पुन्हा अंथरूण ओलं करायला सुरुवात केली, मी तिलाच रागावले. उठल्या उठल्या चिडचिड करायची, तर म्हटलं बापावर गेली. दुपारी हातात घास धरून डुलक्या घ्यायची, तर त्याचं कौतुक: "गुणाचं लेकरू आहे बापा, कुठंही झोपते."

संक्रांतीनंतर कापूस गेला. खोली झाडली, धुतली, कोपरेसुद्धा पुसले. घोरणं तसंच. उलट रिकाम्या खोलीत जास्तच घुमायला लागलं. तरी मी हेका सोडला नाही. म्हटलं, धूळ निघायला वेळ लागतो.

एका दुपारी नात अंगणवाडीत सतरंजीवर झोपली होती. आमची मदतनीस तांड्यावरची, तोंडाची फटकळ. भांडी घासता घासता ती थांबली.

"बाई, इकडं या. पाहा फक्त."

पोर घोरत होती. मग घोरणं एकदम बंद. छाती ओढली जात होती, पोट हलत होतं, आणि मी नाकाखाली बोट धरलं तर हवाच नाही. मी तिला उचलणार, तेवढ्यात तिनं झटका दिला, मोठा श्वास ओढला, कूस बदलली आणि पुन्हा घोरायला लागली. डोळे उघडलेच नाहीत.

"मले वाटे तुमाले माहीत असन," मदतनीस म्हणाली. "साऱ्यायच्या लेकरायचं तं पाहता तुमी."

पोर उठेपर्यंत मी तिच्या नाकाखालून बोट काढलं नाही.

सुनेनं तिच्या झोपेचं मोबाईलवर शूटिंग केलं आणि आम्ही यवतमाळला कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी ते दोनदा पाहिलं, घशात बॅटरी मारली. टॉन्सिल फुगलेले होते, नाकामागची गाठही वाढली असणार म्हणाल्या. झोपेत श्वासाची वाटच बंद होत होती. सर्दीत कोणतंही लेकरू घोरतं, त्याला घाबरायचं नाही. पण रोजचं घोरणं, मधेच श्वास अडणं, घाम, उघडं तोंड, दिवसाच्या डुलक्या असं सगळं दिसलं तर वाट पाहायची नाही, दाखवायचं, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. मला! जी गावाला समजावते, तिला.

मग पोरीच्या डोक्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "ही नीट झोपतच नव्हती हो आजी. श्वास अडला की हिचं शरीर हिला अर्धवट उठवायचं. रात्रभर, कितीतरी वेळा. हिलाही ते कळत नव्हतं."

मी तिच्याकडे पाहतच राहिले. रानडुकरं येतात म्हणून माणूस शेतात जागलीला बसतो, तशी ही एवढीशी पोर रोज आपल्याच श्वासाच्या जागलीला बसत होती. आणि आम्ही सगळे बाजूला ढाराढूर! लाज वाटली, खूप वाटली. पण त्याहून मोठं काहीतरी आत दाटून आलं. त्या हातभर जिवाला हात जोडावेसे वाटले. कोणी शिकवलं होतं तिला एवढं झुंजायला?

ऑपरेशन झालं. घसा दुखतो म्हणून आठ दिवस रडली, मग सावरली.

महिन्याभरानं एका सकाळी ती न रडता उठली आणि थेट माझ्या मांडीवर येऊन बसली.

"आजी, अंगणवाडीत बकरी आलती."

"कधी?"

"आत्ताच. वजनाच्या काट्यावर बसली. तू तिच्यावर रागावली बी नाही."

'कायची बकरी, अजून दार उघडलं नाही,' असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण चुलीपाशी सून पीठ मळता मळता थांबली होती, आणि तिचे डोळे भरले होते. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. चार वर्षांत या पोरीनं आम्हाला एकही स्वप्न सांगितलं नव्हतं.

"मंग?" मी कसंबसं विचारलं. "किती भरली बकरी?"

तिनं विचार केला.

"माहीत नाही," म्हणाली. "आज रात्री मी झोपली की पाहून सांगीन."