खांदा मळणारा हात

बिफटेक कसा भाजायचा हे मला येतं. आमच्या भागात कुणब्याच्या घरात जन्मून ही विद्या येणारा दुसरा माणूस मला तरी भेटला नाही. नातवंडं शहरात राहतात, हॉटेलात काय काय खातात, आणि मला विचारतात, आजोबा, स्टेक म्हणजे काय ठाऊक आहे का. मी नाही म्हणतो. एक वेळ सोडली तर आजवर सगळ्यांना नाहीच म्हणत आलो. आता लिहून ठेवतो. माझी शाळा तिसरीपर्यंतची, काना-मात्रा चुकेल ती चुकू दे.

आमचं गाव आटपाडीच्या पलीकडं, माळावरचं. तिकडं पाऊस बेताचा, पण खिलार बैल बघावा तर तिथलाच. आमच्या घरी एक जोडी होती. बाप त्यांना नावानं हाक मारत नसे. जुवाच्या डाव्या अंगाला चालायचा तो डावा आणि दुसरा उजवा, एवढंच. डाव्याच्या कानाला बाभळीच्या काट्यानं फाटून खाच पडलेली होती, आणि डाव्या खांद्यावर जुवानं घासून केस गेलेला रुपयाएवढा चट्टा होता. बाप आधी त्यांना पाणी पाजायचा आणि मग स्वतः तोंड धुवायचा.

दुसरी मोठी लढाई सुरू झाली आणि आमच्या भागातली पोरं भरतीला निघाली. मीही साताऱ्याला गेलो. छाती भरली, उंची भरली, पण डाव्या पायाचा अंगठा लहानपणी गाडीच्या चाकाखाली चेंगरलेला, त्याच्यावर सुभेदारानं बोट ठेवलं. परत जा म्हणाला. परत जाऊन गावाला काय तोंड दाखवायचं? तिथंच दिवसभर उभा राहिलो. शेवटी कुणीतरी साहेबांच्या मेसमध्ये माणूस पाहिजे म्हणून मला तिकडं धाडलं. घरी पत्र लिहिलं, साताऱ्याला कॅम्पात लागलो. काय म्हणून लागलो ते लिहिलं नाही. गावानं मला शिपाई धरला आणि मी धरू दिला.

मेसचा खानसामा गोव्याकडचा ख्रिस्ती म्हातारा होता. बोलायला गोड नाही, पण शिकवायला पक्का. पहिल्या दिवशी त्यानं फळीवर मांसाचा तुकडा टाकला आणि सुरी माझ्या हातात दिली. ते मोठ्याचं, म्हणजे गाईबैलाचं होतं, हे रंगावरनंच कळलं. माझा हात हलेना. तो म्हणाला, "जमत नसेल तर भांडी घास. भांडी घासणारे लय मिळतात." हे शेवटचं वाक्य मला झोंबलं. मी सुरी चालवली. धर्माचा विचार मागनं आला, आधी आला तो हट्ट.

मग शिकलोच. जनावर एकच असतं, पण त्याच्या अंगात दहा जातींचं मांस असतं. जो भाग कष्ट करतो तो चिवट, जो बसून खातो तो मऊ. मान, खांदा आणि पाय ही कष्टाची जागा, ती रश्शाला घालायची आणि मंद जाळावर तीन-तीन तास ठेवायची. बिफटेकाला पाठीमागचा भाग. पुठ्ठ्याचा तो रंप, कण्याच्या वरच्या अंगाला चरबीची कड असलेला तो सरलाइन. आणि कण्याच्या आतून, कमरेत, दोन्हीकडं एकेक पट्टी असते, मागं रुंद आणि पुढं निमुळती होत गेलेली. तो अंडरकट. जन्मभर त्या पट्टीला काम म्हणून नसतं. सुरी नुसती टेकवली तरी कापली जाते. मोठा साहेब अंडरकटशिवाय दुसरं खायचा नाही. डॉक्टरसाहेब मात्र रंप मागायचा, वर तळलेला कांदा. खानसामा मला हळूच सांगायचा की खरी जीभ डॉक्टरची, अंडरकटला नुसता मऊपणा असतो, चव नसते.

काप अंगठ्याएवढा जाड घ्यायचा, आणि घ्यायचा तो मांसाच्या दोऱ्यांना आडवा. उभा घेतला की साहेबाच्या दातात नाडा अडकला समजा. फडक्यानं टिपून कोरडा करायचा, कारण ओलं मांस भाजत नाही, उकडतं. रंप चिवट निघाला तर कच्च्या पपईचा कीस चोळून थोडा वेळ ठेवायचा, फार ठेवला की पीठ होतं. बिडाचा तवा असा तापवायचा की पाण्याचा थेंब वर नाचला पाहिजे. त्यावर आधी चरबी फिरवायची, मग काप टाकायचा आणि त्याला छळायचं नाही. उलटायचा एकदाच. काटा भोसकायचा नाही, रस वाहून जातो. वरनं भरडलेली मिरी. तव्यात उरलेल्या चरबीत कांदा परतायचा आणि व्हिनेगरचा एक शिपका द्यायचा.

आत किती शिजलं हे कापून बघणारा खानसामा कच्चा. ते बोटानं बघायचं. आपला पंजा सैल सोडला की अंगठ्याखालचा उंचवटा जेवढा मऊ लागतो, तेवढा काप आतून लाल. अंगठ्याला पहिलं बोट टेकवलं की तो उंचवटा जरा घट्ट होतो, करंगळी टेकवली की पार कडक. प्रत्येक साहेबाचं बोट मला पाठ होतं. उतरवल्यावर लगेच वाढायचा नाही. झाकून ठेवायचा आणि खानसाम्याची बिडी ओढून होईपर्यंत हात लावायचा नाही.

आणि मी तो खाल्ला का? मीठ बघायला चाखावं लागतं. पहिल्यांदा चाखला तेव्हा मागच्या दारी जाऊन थुंकलो. नंतर थुंकायचं बंद झालं. रंपाच्या कडेची जळकी चरबी मला आवडायला लागली, हेही लिहून टाकतो.

दुसऱ्या की तिसऱ्या उन्हाळ्यात घरून पत्र आलं. डाव्याचा खांदा जुवानं सुजून आला होता, जू ठेवलं की बसकण मारत होता. लढाईपायी जनावरांना गिऱ्हाईक भारी होतं. बापानं त्याला बाजारात नेला आणि एका दलालाला दिला. दलालानं शब्द दिला की बैल सांगलीजवळ माधवनगरला गिरणीच्या गाड्याला जाईल, सपाट रस्ता, हलकं काम. पत्रात तीनदा माधवनगर लिहिलं होतं. चुलता लिहिणारा, पण सांगणारा बाप होता, हे त्या तीनदावरनंच कळलं.

पुढं महिनाभरानं खानसाम्यानं मला मेसला मांस पुरवणाऱ्या कंत्राटदाराच्या वाड्यावर निरोप घेऊन पाठवलं. कॅम्पाच्या खालच्या अंगाला ओढ्याकाठी जनावरं बांधलेली असायची. त्यात एक खिलार उभा होता. कानाला खाच, डाव्या खांद्यावर चट्टा, आणि चट्टा सुजलेला. आमच्या घरी वैरण टाकताना बाप जिभेनं एक आवाज काढायचा, तो मी काढला. बैलानं कान वळवला. आता कान कुठलाही बैल वळवतो. तो डावाच होता अशी शपथ मी आजही घेणार नाही. पण त्याच्याजवळ जायचं धाडस मला झालं नाही, यावरनं काय ते समजा.

सोडवता आला असता का, हे मी पुढं पुष्कळदा मनाला विचारलं. खानसाम्याचं कंत्राटदारापाशी वजन होतं. एक शब्द टाकला असता. पण मग हा बैल माझ्या बापानं विकलेला आहे हे चारचौघांत सांगावं लागलं असतं. बैल कसायाला देणाऱ्या घरचा मी आहे, हे माझ्या तोंडून निघेना. मी निरोप सांगितला आणि परत आलो.

दोन दिवसांनी मेसमध्ये माल आला. मी त्या मालापासनं बाजूला होईना म्हणून खानसामा माझ्याकडं बघत राहिला. त्याला काही सांगितलं नव्हतं, पण तोंडावर दिसत असणार. म्हणाला, आज तू कांदा चीर. मी सुरी सोडली नाही. अंडरकट काढला, रंप काढला, भाजलं, वाढायला दिलं. त्या दिवशी मीठ मात्र चाखलं नाही. मोठ्या साहेबाचं ताट परत आलं, एक घास खाऊन. तेवढं एकच ताट माझ्या हातचं परत आलं.

लढाई संपायच्या सुमाराला बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या पोळ्याला, रजा मिळाली. सर्व्हिस मोटारीनं आटपाडी आणि पुढं पायी. बेंदराच्या आदल्या दिवशी आमच्याकडं बैलांची खांदेमळणी असते. बैल धुवून आणायचे, ऊन पाण्यानं खांदा शेकायचा आणि हळद-लोणी लावून मळायचा, की वर्षभराचं जुवाचं ओझं उतरावं. ते काम घरातल्या कर्त्याचं. बापानं त्या वर्षी वाटी माझ्या हातात दिली. मी शिपाई होऊन आलो होतो ना.

उजवा उभा होता, त्याच्याजवळ नवा घेतलेला बैल. मी उजव्याच्या खांद्याला हात घातला आणि बोटं आपोआप चालायला लागली. कुठं दोरा उभा जातो, कुठं आडवा, गाठ कुठं धरलीय, सगळं बोटांना दिसत होतं. उजव्यानं मान खाली सोडली आणि डोळे मिटले. चुलता शेजारी उभा होता. बापाला म्हणाला, "आवं, हे बगा. बैल झोपला हुबा." मग मला म्हणाला, "कुटं शिकलास रं?"

तिथं माझी चूक झाली. कौतुक मला कधी पचलं नाही. मी खांद्यापासनं पाठीपर्यंत हात फिरवत सांगत सुटलो. हितं मांस चिवट असतं, कारण हे ओढतं. ह्या पुठ्ठ्यात दोरे मोठे असतात. आणि हितं, कण्याच्या आतनं, एक पट्टी असते, तिला कामच नसतं, लोण्यावानी.

चुलता हसला. "आतलं तुला कसं ठावं रं गड्या? शेपटीकडनं आत जाऊन आलास व्हय?"

हसता हसताच त्याचं हसणं थांबलं. बाप नव्या बैलाची शिंगं पुसत होता. त्यानं फडकं खाली ठेवलं.

"कापलंस?" म्हणाला.

"कापलं."

"तोंडाला लावलंस?"

आई दारात परात घेऊन उभी होती. ती मानेनं मला नाही-नाही करत होती. नाही म्हणालो असतो तर तिथंच मिटलं असतं. बापालाही तेच ऐकायचं होतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. पण भिऊन खोटं बोलायचं म्हणजे मला मरण.

"मीठ बघाया चाखाय लागतं," मी म्हणालो. "चाखलं."

"यमाईची शपथ घे."

यमाईचं देऊळ औंधाला, त्या दिशेनं तोंड करून मी शपथ घेतली. बापानं माझ्या हातातली वाटी घेतली. शिव्या दिल्या नाहीत, हात उगारला नाही. मी मळलेला खांदा त्यानं ऊन पाण्यानं धुतला आणि पुन्हा पहिल्यापासनं मळला. मग म्हणाला, "घरात ऱ्हा. जेव. पर माझ्या बैलाला हात लावू नगंस."

ऐकायला ही शिक्षा लहान वाटते. लढाई संपली, मेस मोडली, मी कायमचा घरी आलो, तेव्हा ती केवढी मोठी आहे ते कळलं. बैलाला हात लावायचा नाही म्हणजे नांगर नाही, मोट नाही, गाडी नाही. मी खुरपं घेऊन बायकांच्या ओळीत बसायचो. लोक विचारायचे, शिपाईगडी खुरपतोय का. मी म्हणायचो, माझी मर्जी. बापाला जाऊन विनवावं असं कधी मनात आलं नाही. आलं तरी पाय उचलला नसता.

आणि जिभेवर एक वाक्य होतं. मी चाखलं, पण विकला कुणी? रोज सकाळी तो उजव्याला पाणी पाजायचा तेव्हा ते वाक्य दातापर्यंत यायचं. एकदा बोललो असतो तर तो पुन्हा माझ्याकडं मान वर करून बघू शकला नसता. गावातनं सांगलीला कुणी निघालं की तो त्याला माधवनगरच्या गाड्यांकडं बघून यायला सांगायचा. लोक हो म्हणायचे आणि विसरायचे.

दोन बेंदूर असे गेले. तिसऱ्याच्या आधी बापाच्या उजव्या हाताला कंप सुटला. वाटी धरवेना. आठ दिवस आधी तो माझ्याजवळ येऊन बसला. बऱ्याच दिवसांनी असा बसला. हात मांडीखाली दाबून धरला होता.

"माधवनगरला जाऊन ये," म्हणाला. "डावा कसा हाय बगून ये."

मी गेलो. जाऊन काय दिसणार ते ठाऊक होतं, तरी गेलो, कारण न जाता येऊन सांगणं मला जमलं नसतं. गिरणीच्या फाटकासमोर दिवसभर उभा राहिलो. कापसाच्या गाठींचे गाडे येत होते, जात होते. प्रत्येक बैलाचा कान बघितला. दोन-तीनदा जिभेनं तो आवाजही काढला. एक गाडीवान थांबून म्हणाला, "काय रं बाबा, बैल हरवलाय व्हय?" मी मान हलवली. व्हय का न्हाई, ते त्याला काय कळलं असेल कोण जाणे.

घरी आलो. बाप गोठ्याच्या दारातच होता.

"हाय," मी म्हणालो. "खांदा भरून आलाय. सपाट रस्ता हाय. बरा हाय."

माझ्या आयुष्यात मी बापाशी खोटं बोललो ते एवढंच. तो माझ्याकडं बघत राहिला. आता यमाईची शपथ मागणार म्हणून मी मन घट्ट केलं. मागितली असती तर काय केलं असतं, मला अजूनही सांगता येत नाही. पण त्यानं मागितली नाही. नुसतं "बरं" म्हणाला आणि उजव्यापुढं वैरण टाकायला वळला.

खांदेमळणीला त्यानं वाटी माझ्यापुढं ठेवली. हातात दिली नाही, खाली ठेवली, मी उचलली. उजवा आता थकला होता, खांद्याची हाडं लागत होती. मी मळायला लागलो आणि बोटं पुन्हा आपोआप दोरे शोधायला लागली, हा उभा, हा आडवा. त्यांना थांबवता येत नव्हतं. बाप समोर बसून माझ्या हातांकडं बघत होता. उजव्यानं मान खाली सोडली, आणि लोणी संपेपर्यंत मी वर बघितलं नाही.